विषय: प्रथमोपचार पेटीतलं कार्ड, ओळ ३: पडलेला दात

नाना:
मंडळी, कार्ड उद्या रात्री छापायला जातंय. बाकी सगळं पक्कं आहे, फक्त दातांचा भाग राहिलाय. ओळ ३ मागच्या कार्डावरचीच ठेवतोय: "पडलेला दात स्वच्छ धुऊन ओल्या रुमालात गुंडाळावा." हरकत असेल तर दुपारपर्यंत कळवा. पेटीत काय भरायचं ते माझ्याकडे आहे, त्यात भर सुचवू नका. जागा खरंच उरलेली नाही.

डॉक्टरताई:
नाना, हरकत आहे. "स्वच्छ धुऊन" वाचलं की माणूस दात नळाखाली धरून चोळणार. मुळावर जो पातळ ओलसर पापुद्रा दिसतो तो मळ नाही, दाताला हाडाशी बांधणारे तंतू आहेत आणि त्यातल्या पेशी जिवंत असतात. त्या वाचल्या तरच दात पुन्हा नीट धरतो. साध्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पाणी पेशींत शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात. रुमाल थोड्याच वेळात सुकतो. दात तासभर कोरडा राहिला की त्या पेशी बहुतेक संपलेल्याच असतात.

ओळ अशी करा: "दात मुळाला हात न लावता उचला. मळला असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये हलकेच विसळा. लगेच जागेवर बसवा, स्वच्छ कापड चावून धरायला सांगा आणि दंतवैद्याकडे न्या. बसवता येत नसेल तर दुधात ठेवा. दुधाचा दात बसवू नका."

भाऊ:
ताई, बसवण्याचं नको. रक्त वाहतंय, मूल रडतंय, अशात कुणीही दात उलटा बसवेल. सरळ "दुधात ठेवा" लिहू. नाहीतर सलाईनमध्येच ठेवू, सलाईन पेटीत आहेच.

डॉक्टरताई:
भाऊ, दात जागेवर बसवणं हाच सर्वांत चांगला उपाय आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत बसला तर पेशी बहुतेक जिवंत राहतात. उलटा बसू नये म्हणून शेजारच्या दाताकडे बघायचं: सपाट, गुळगुळीत बाजू ओठाकडे, खोलगट बाजू जिभेकडे. बोटाने हलका दाब द्यायचा. अडला तर जोर करायचा नाही, सरळ दुधात टाकून निघायचं. जखमी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

सलाईनचं म्हणाल तर विसळायला ते उत्तम. पण पेशींना तगवणारं त्यात काही नाही, त्यामुळे ठेवायला दूध बरं. दूध गार हवं, नासलेलं नको. साय काढलेलं चालतं, चव घातलेलं नको. दूध नसेल तर जखमीची स्वतःची लाळ डबीत घ्या. दात गालात धरायला सांगू नका, लहान मूल तो गिळू शकतं. साधं पाणी सगळ्यात शेवटी, तरीही कोरड्यापेक्षा बरं. विसळायला दुसरं काहीच नसेल तर गार पाण्याखाली दहा सेकंद, चोळणं नाही.

माई:
माझा मुद्दा भाषेचा आहे. एकाच ओळीत "दुधात ठेवा" आणि "दुधाचा दात बसवू नका" आलंय. घाईत वाचणारा "दूध... दात... नका" एवढंच वाचेल. हे दोन वेगळ्या ओळींत जायलाच हवं. आणि दात दुधाचा की कायमचा हे आईबापांनाही पटकन सांगता येत नाही, ते कसं ओळखायचं?

डॉक्टरताई:
माई, अगदी बरोबर, हे माझ्या नजरेतून सुटलं. सहा वर्षांखालच्या मुलाचा पुढचा दात जवळजवळ नेहमी दुधाचाच असतो. तो लहान आणि पांढराशुभ्र दिसतो. नवा कायमचा दात मोठा, किंचित पिवळसर, आणि कडेला करवतीसारखे तीन बारीक उंचवटे. दुधाचा दात बसवायचा नाही, कारण वर येऊ घातलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. शंका असेल तर न बसवता दुधात घालून बरोबर न्यायचा. दात सापडलाच नाही आणि मूल खोकतंय तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो, तेव्हा थेट रुग्णालय.

नाना:
वेगळ्या ओळी करतो. आता ओळ ५: "दाढ दुखल्यास लवंग तेल, सूज आल्यास दुसऱ्या दिवशी दाखवा." ही राहू दे ना?

भाऊ:
लवंग तेल राहू दे. सूज असेल तर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी उतरते की, तेही लिहा.

डॉक्टरताई:
भाऊ, नाही. पू आत साठलेला असतो, तो वाट करून काढल्याशिवाय किंवा दाताचा उपचार केल्याशिवाय गोळीने मूळ कारण जात नाही. उरलेला अर्धवट डोस तर मुळीच नको. लवंग तेल तात्पुरतं ठीक, पण थेट ओतल्यास हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरतात, त्यानेही भाजतं.

"दुसऱ्या दिवशी" हे शब्द मात्र धोक्याचे आहेत. नुसती दाढ दुखत असेल तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. ठणक्याने झोप येत नसेल किंवा गालावर सूज असेल तर त्याच दिवशी. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली, मानेकडे पसरतेय, जिभेखालचा भाग वर उचललाय, तोंडात दोन बोटं मावतील एवढंही उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळतेय, यातलं एक जरी असेल तर दवाखाना उघडण्याची वाट न बघता रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. श्वासाला त्रास होत असेल तर रुग्णवाहिका. सूज आत वाढली तर श्वासमार्ग बंद होऊ शकतो.

माई:
दाढ काढल्यावर रक्त थांबत नाही, हे कुठेच नाही.

डॉक्टरताई:
घ्या. कापसाऐवजी गॉजची (जखमेवरच्या जाळीदार कापडाची) जाड घडी ओली करून खाचेवर ठेवायची आणि वीस मिनिटं घट्ट चावायची. मधे उघडून बघितलं की गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. चूळ नको, थुंकणं नको. दोनदा करूनही वाहतंय तर तातडीने दाखवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका, पण फोनवर आधी तेच सांगा.

नाना:
सगळं घेतलं. ओळ ३ कायमच्या दाताची, ओळ ४ "लहान मुलाचा पहिला दात: बसवू नका", "दुधाचा" शब्द काढला. सूज लाल चौकटीत. गॉज पेटीत आहेच. दात ठेवायला घट्ट झाकणाची छोटी डबी लागेल, तिच्यासाठी जागा करतो. दुधाची जबाबदारी चहाच्या टेबलावर, माई, तुमच्याकडे.