फर्लांग : नांगराच्या तासाची लांबी

जुन्या कथा-कादंबऱ्यांत 'फर्लांगभर चालून गेलो' असं वाचायला मिळतं. हा फर्लांग म्हणजे नेमका किती? आणि शब्द मूळचा फारसी आहे का?

— २२० यार्ड, म्हणजे साधारण २०१ मीटर. मैलाचा आठवा भाग. फारसीत 'फरसंग' आहे खरा, पण तो पाच-सहा किलोमीटरचा. त्याचा याच्याशी संबंध नाही. फर्लांग अस्सल इंग्रजी शेतकऱ्याचा. जुन्या इंग्रजीत 'फुर्ह' म्हणजे नांगराचा तास, अर्थात नांगरताना जमिनीत पडणारी सरळ चर, आणि 'लांग' म्हणजे लांब. बैल जिथे वळवायचे तिथपर्यंतचा एक तास, तो फर्लांग. मध्ययुगात शेजारशेजारच्या समांतर पट्ट्यांच्या तुकड्यालाही हाच शब्द होता.

इतका लांब तास कशाला? आपल्याकडे तर बांध जवळजवळ असतात.

— 'तेवढ्यात बैल दमतात' असं उत्तर सर्रास दिलं जातं. मला त्यापेक्षा वळणाची अडचण जास्त पटते. तिथल्या जड मातीतला नांगर अवजड, त्याला आठ-आठ बैल जुंपायचे. ते लटांबर वळवणं म्हणजे वैताग. म्हणून वळणं कमी, पट्ट्या लांब.

गंमत पुढे आहे. रोमन मैल ५,००० फुटांचा. पण इंग्लंडात जमिनीची मापं फर्लांगात बसलेली, ती हलवणार कोण? अखेर १५९३च्या कायद्याने मैल आठ फर्लांगांचा ठरवला. ८ गुणिले ६६०, म्हणून तो विचित्र ५,२८० फुटांचा आकडा. नांगरापुढे मैल वाकला!

मग एकरही त्यातलाच?

— हो. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टी म्हणजे एकर. हे २२ यार्ड क्रिकेटच्या खेळपट्टीमुळे तुम्हाला पाठ असतील. एडमंड गंटरने १६२०च्या सुमारास याच लांबीची मोजणीची साखळी रूढ केली. एकर या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'शेत'. लॅटिन 'आगर' आणि ऋग्वेदातला 'अज्र' हे त्याचे भाऊबंद.

आणि गुंठा? तो तर आपला.

— नाव आपलं, पण आजचं माप एकरात चपखल बसवलेलं. ३३ फूट बाय ३३ फूट. त्या पट्टीत लांबीला २० आणि रुंदीला २ गुंठे मावतात, म्हणून एकराचे ४०. सातबारावर आता हेक्टर-आर लिहितात, पण जमिनीचा सौदा करायला बसलं की तोंडी एकर-गुंठेच येतात.