तालमीतल्या पोरानं मुंबईला ‘फायटर’ व्हायला जावं का? माझं मत: नको

गोदाकाठ:
भाचा परभणीच्या तालमीत घडलेला, पोलीस भरतीत थोडक्यात हुकला. आता कुणीतरी डोक्यात भरवलंय की सिनेमा-सिरियलला फायटर लागतात, अंग कमावलेलं आहे, ये निघून. माझा विरोध आहे, आणि ‘सिनेमा वाईट’ म्हणून नाही. पडायचं यानं, मार खायचा यानं, तोंड दिसायचं हिरोचं. चाळिशीत गुडघे अन् मणका गेला की देवगिरी एक्सप्रेसनं गावी परत. ना पीएफ, ना पेन्शन. सिरियलचे पैसे तर तीन-तीन महिने निघत नाहीत म्हणतात. २०१६ मध्ये बेंगळुरूजवळच्या जलाशयात हेलिकॉप्टरमधून उड्या मारून दोघं जण सगळ्या युनिटच्या देखत बुडाले. अंगावर लाइफ जॅकेटसुद्धा नव्हतं. असल्या धंद्यात पोरगं कामून घालायचं?

बीडचा_माजी_फायटर:
तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ते दोघं स्टंटवाले नव्हते, खलनायकाची कामं करणारे नट होते. पोहणं जेमतेम येतं असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. जाणता फायटर असता तर होडी कुठं उभी आहे ते बघितल्याशिवाय हेलिकॉप्टरात चढलाच नसता.

बरीच वर्षं हे काम केलंय म्हणून सांगतो, ह्यात धाडस कमी आणि मोजमाप जास्त. आम्हाला आधी फक्त पडायला शिकवलं. पुढं रोल, मागं रोल, जिन्यावरून घरंगळणं, टेबलावर पाठ टाकणं. पैलवानाला हेच जड जातं बरं का! पाठ टेकू द्यायची नाही हे जन्मभर घोटलेलं, आणि इथं पाठ टेकायचेच पैसे. ठोसा लागत नसतो. कॅमेरा कुठं आहे त्यावर हात किती लांबून फिरवायचा ते ठरतं, आणि समोरच्याची मान वेळेवर फिरली नाही तर शॉट वाया. उंचावरून पडायचं तर पूर्वी खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचून वर गाद्या टाकायचे, आता एअरबॅग असते. तरी उतरायचं पाठीवरच. पायावर उतरलं की गुडघा थेट हनुवटीत. आगीच्या शॉटला अंगाला जेल चोपडतात आणि किती सेकंद जळायचं ते आधी ठरलेलं असतं. हार्नेस, म्हणजे वायरला टांगायचा पट्टा, घातला की जीव वायर धरणाऱ्या पोरांच्या हातात, म्हणून मास्तरानं आकडे मोजल्याशिवाय कुणी हलत नाही.

जोखमीचं म्हणाल तर माझे आईबाप दरसाल कोयता घेऊन कारखान्याला जायचे. उसाच्या ट्रॉलीखाली माणूस गेला तर त्यावर कधी कुणी धागा काढलाय का?

जिम्नॅस्टिकवाली_संभाजीनगर:
सगळे पोरांचंच बोलताय. साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आपल्या शहरात आहे, जिम्नॅस्टिक शिकलेल्या कितीतरी मुली विशीत सराव सोडून घरी बसतात. ‘शोले’त (१९७५) बसंतीचा टांगा उधळतो तिथं हेमा मालिनीच्या जागी रेशमा पठाण होत्या, आणि टांगा उलटून त्यांना दुखापतही झाली होती. एवढं होऊनही नायिकेची साडी नेसून, विग घालून उडी मारायला पुरुष उभा केल्याचं आपण बघत आलोच की. मुलींना हे जमत नाही असं नाही, विचारतच नाहीत.

गोदाकाठ:
भाऊ, कोयत्याचं काढलंत तिथं मी गप्प. पण जाणता असला की वाचतो, हे पटत नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उडवण्याच्या शॉटला जो गेला, तो मुरलेला, नावाजलेला स्टंटमास्तर होता. त्याला मोजमाप कळत नव्हतं?

हिंगोलीचा_पिंट्या:
काका, आता ऑस्करसुद्धा देणार आहेत स्टंट डिझाइनला! २०२७ च्या चित्रपटांपासून, सोहळा २०२८ ला. धंद्याला मान यायलाय.

निलंगेकर:
पिंट्या, बाहुली मिळणार स्टंट आखणाऱ्याला. पडणाऱ्याला शिफ्टचे पैसे, तेही मिळाले तर. आणि विम्याचं कुणीच बोललं नाही. २०१७ पासून अक्षय कुमारच्या पुढाकारानं स्टंट कलाकारांचा आरोग्य आणि अपघात विमा आहे, सहाशेच्या वर लोक त्यात आहेत. त्या माणसाचं कौतुकच. पण जो निर्माता गाडी उडवायला खर्च करतो, त्यानं गाडीत बसणाऱ्याचा विमा आपल्या खिशातून का काढू नये? एका नटाच्या चांगुलपणावर एवढ्या घरांची चूल ठेवायची, हे मला बरं दिसत नाही.

बीडचा_माजी_फायटर:
निलंगेकर, बरं दिसत नाही हे खरं. पण माझ्या सोबतच्याचं ऑपरेशन त्याच विम्यावर झालं, तेव्हा पैसे कुणाच्या खिशातले हे आम्ही विचारलं नाही.

गोदाकाठसाहेब, तमिळनाडूचं उत्तर माझ्याकडं नाही. गाडीचा शॉट मी स्वतः कधी घेतला नाही, भीती वाटायची. भाच्याला पाठवायचंच झालं तर स्टंट कलाकारांच्या असोसिएशनचं कार्ड काढल्याशिवाय सेटवर पाय ठेवू देऊ नका. कार्डाला मोठी रक्कम लागते, ती पावती घेऊन असोसिएशनमध्येच भरायची. मधल्या माणसाच्या हातात एक रुपया द्यायचा नाही.

गोदाकाठ:
भाच्याच्या डोक्यात हे भरवणारा तो ओळखीचा म्हणायलाय, ‘पैसे आधी माझ्याकडं द्या, कार्ड मी काढतो.’

बीडचा_माजी_फायटर:
मग त्या माणसाला सोडा. धंद्याला कशाला शिव्या देता?

गोदाकाठ:
त्याला सोडतोच. भाच्याला आज रात्री हा धागा वाचायला देतो. माझं मत मात्र तेच, नको.