नागपूरच्या मुलांच्या जुन्या मिशन शाळा : दप्तर, कौलं, मैदान (अनुभव धागा)

धागाकर्ता
सदर-मोहननगरच्या भागात शंभरी कधीच ओलांडलेल्या मिशनच्या शाळा आहेत. फाटकावरची स्थापनेची पाटी कोणीही वाचू शकतो. पण दाखल-खारीज रजिस्टर (मुलं शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदीचं) कसं जपायचं, कौलं कधी फेरायची, पावसाळ्यानंतर मैदान पुन्हा कसं उभं करायचं, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं एकेक करून निवृत्त होताहेत. ती माहिती इथे लिहून ठेवू या. शाळेतल्या गमतीजमतींसाठी दुसरे धागे आहेत. इथे फक्त कामाचं लिहा.

जुनी सदर
आधी इतिहासाचा गुंता सोडवतो, कारण कागद शोधताना तोच आडवा येतो.

नागपुरात मिशनच्या तीन वेगवेगळ्या परंपरा आहेत. पहिली स्कॉटिश. पाद्री स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात गेले आणि वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आहे. म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी निघालेलं. शाळा आणि कॉलेज यांच्या तारखा एकत्र करू नका.

दुसरी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. बिशप कॉटन शाळेला कलकत्त्याचे बिशप जॉर्ज कॉटन यांचं नाव आहे. हिंदुस्थानातल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी शाळा काढाव्यात हा त्यांचा आग्रह होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झालं, १८६७ मध्ये रेल्वे आली. अशा शाळांना विद्यार्थी मिळाले ते या बदलांमुळे.

तिसरी कॅथलिक. फ्रान्समधल्या आनेसीचे मिशनरी आधी विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून या बाजूला आले. सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची. नागपूरचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत मात्र १८८७ चा, म्हणजे शाळा धर्मप्रांतापेक्षा जुनी.

१८५४ च्या वूड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. अनुदान म्हटलं की तपासणी आली, आणि तपासणी आली की रजिस्टरं नीट ठेवावी लागली. आज आपल्याला जुने कागद मिळतात त्याचं मोठं कारण हेच.

एक व्यावहारिक गोष्ट लक्षात असू द्या. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या रजिस्टरात असते, शाळेच्या नाही. शाळेच्या बाबूंकडे ती मागून दिवस घालवू नका.

दप्तरातला माणूस
जून-जुलैत शाळेच्या ऑफिससमोर जी रांग लागते तिच्यात निम्मे लोक जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधायला आलेले असतात. समितीपुढे ठरावीक तारखेआधीच्या पुराव्याला वजन असतं : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणून जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर (जुनी मंडळी दाखल-खारीजच म्हणतात) सोन्याच्या मोलाचं.

येताना चार गोष्टी लिहून आणा : पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जन्माचं अंदाजे वर्ष. रजिस्टर आडनावांच्या क्रमाने नसतं, प्रवेशाच्या क्रमाने असतं. साल कळल्याशिवाय शोध लागत नाही. पहिलीपासून त्याच शाळेत असेल तर जन्मसालात सहा मिळवा; गावातून चौथी करून आला असेल तर दहा-अकरा. त्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन वर्षं चाळा. घरात जुना शाळा सोडल्याचा दाखला असेल तर त्यावर रजिस्टर क्रमांक असतो; तो सापडला की काम पाच मिनिटांचं.

नाव इंग्रजीत लिहिलेलं असतं. वानखेडे 'डब्ल्यू'ने पाहा, 'व्ही'नेही पाहा. कित्येकदा आडनावच नसतं, फक्त मुलाचं आणि बापाचं नाव. जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' किंवा 'नेटिव्ह ख्रिश्चन' असतं, कधी तो कोराही असतो. कोरा असेल तर उताऱ्यात कोराच दाखवावा लागतो. कोणी कितीही गयावया केली तरी तो रकाना आज भरायचा नाही. एका भरलेल्या रकान्यामुळे अख्ख्या रजिस्टरावरचा विश्वास जातो आणि त्याचा फटका त्या पानांवरच्या प्रत्येक कुटुंबाला बसतो.

स्पेलिंग किंवा जन्मतारखेची दुरुस्ती माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे होते. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर ती फक्त उघड लेखनचुकीपुरतीच आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. मूळ अक्षरं दिसतील अशी एक रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची, आदेशाचा क्रमांक आणि तारीख घालून मुख्याध्यापकांनी सही करायची. व्हाइटनर, ब्लेड, खोडरबर यांना हातही लावू नका.

आणखी दोन घोळ. दाखल्यावर 'मध्य प्रांत' किंवा 'मध्य प्रदेश' छापलेलं दिसलं की पुण्या-मुंबईकडचे कारकून बिचकतात. नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. तो दाखला खरा आहे. दुसरं, जुनी मॅट्रिक अकरावीला होती. दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली एसएससी मार्च १९७५ ची. युरोपियन शाळांत ज्युनिअर आणि सीनिअर केंब्रिज या परीक्षा असायच्या. त्यामुळे इयत्तेवरून वय काढताना जपून.

शिलाई-बांधणी
दप्तरातल्या भाऊंना पुस्ती जोडतो. जुनी निळी-काळी शाई लोहाची असते. ती हळूहळू कागद खाते. अशी पानं दुमडली की अक्षरांच्या रेषेवरच तुटतात.

सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, ते परत निघत नाही. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू लावायचा. चिकटवायला १०० मिली पाण्यात २ ते ३ ग्रॅम मिथाइल सेल्युलोज रात्रभर भिजवून ठेवा. बायंडर मोरचूद घातलेली खळ वापरतात. कीड लागत नाही हे खरं, पण मोरचुदाची आम्लता कागदाला मारक. रजिस्टरासाठी नको म्हणून आधीच सांगा.

पुन्हा बांधताना कडेने आरपार टाके घालू देऊ नका. आतल्या बाजूचा रकाना शिवणीत जातो आणि रजिस्टर सपाट उघडत नाही. जुजांच्या (दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या) घडीतून शिलाई हवी. स्कॅनिंग वरून कॅमेऱ्याने करा, काचेवर पालथं घालून दाबलं की पाठ मोडते.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून तेवढंच वर. कडुलिंबाचा पाला ओला ठेवला तर बुरशी येते. सावलीत पूर्ण वाळवून, फडक्यात बांधून ठेवा.

कौलारू
छताची वेळ ठरलेली : एप्रिलचा शेवट ते मेचा शेवट. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पाऊस त्याआधी साधारण जूनच्या मध्याला येतो. शाळा उघडण्याची तारीख धरून मिस्त्री बोलावला तर उशीर झालेला असतो.

मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. मोडतोड धरून शेकडा दहा जास्त घ्या आणि घेण्यापूर्वी जुनं कौल सोबत न्या. कारखान्यागणिक खाचा वेगळ्या असतात, नवं कौल जुन्यात बसत नाही आणि मधून पाणी झिरपतं. कौलं सरकवण्याचं मोठं काम वांदरं करतात. खालच्या दोन ओळी आणि आढ्यावरची ओळ तारेने बांधून घ्या.

गळती वर्गाच्या मधोमध दिसली तरी तिचं मूळ बहुधा तिथे नसतं. दोन उतार जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ पाल्याने तुंबते, पाणी उलटं चढतं आणि वाशावरून वाहत येऊन भलतीकडे पडतं. आधी पन्हळ साफ करा, मग कौलं मोजा. सागवानी वाशाचं भिंतीतलं टोक बोथट हत्याराने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आत उधई (वाळवी) आहे.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटा पीठ होतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुना किमान महिनाभर पाण्यात विरवलेला हवा; एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. नागपूरच्या उन्हाळ्यात चुना मुरण्याआधी सुकतो आणि तडकतो.

डी-मधून
मैदानाचं. नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तिच्यावर मुरुमाचा दहा सेंटिमीटर थर हवाच, वर चाळलेला बारीक मुरूम. मधोमध किंचित उंच, दोन्ही बाजूंना उतार. रोलर फिरवायचा तो माती ओलसर असताना. मूठ वळून माती हाताला चिकटली नाही की समजा वेळ झाली. चिखलात फिरवला तर थर उचलून येतो, कोरड्यात फिरवला तर नुसती धूळ.

हॉकीचं मैदान ९१.४० बाय ५५ मीटर, गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ उंच. फक्की मारायला कळीचा किंवा विरवलेला चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. खडूची भुकटी वापरा.

प्रयोगशाळा
मिशन शाळांच्या काचेच्या कपाटांत दगड असतात, ते कोणी टाकून देऊ नयेत. हिस्लॉप हे पाद्री होते तसेच भूशास्त्राचे अभ्यासकही होते. टाकळीच्या थरांतले शंख, मांगलीचा ब्रॅकिऑप्स हा जुना उभयचर, असे जीवाश्म त्यांनी आणि सहकारी हंटर यांनी जमवले. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ ला हिस्लॉप बोरीजवळच्या ओढ्यात बुडाले.

टाकळीचे शंख मुलांना दाखवताना एवढं सांगा : लाव्ह्याचा एक थर थंड झाल्यावर वर तळी साचली, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी वाढल्या, मग पुढचा लाव्हा आला. म्हणून बेसाल्टच्या (लाव्ह्याच्या दगडाच्या) दोन थरांच्या मधोमध चुनखडी किंवा गारगोटीचा पातळ थर सापडतो.

नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका द्या, सुकल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहा, आणि वहीत ठिकाण व तारीख. नुसती चिठ्ठी ठेवली तर झाडलोटीत ती दुसऱ्या दगडाखाली जाते.

नवा सभासद
पणजोबांचं नाव कुठल्याच शाळेत सापडत नाही. गाव उमरेडकडचं. काय करावं?

दप्तरातला माणूस
भाऊ, मग कोतवाल बुक पाहा. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात आणि ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. अर्जात गावाचं नाव, मौजा आणि वर्षांची मुदत लिहा. मुलाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगा झाला' एवढंच असतं. तेव्हा पणजोबांच्या वडिलांचं नाव आधी पक्कं करा. काही पानं मोडीत असतात. मोडी वाचणारा सोबत न्या आणि देवनागरी लिप्यंतरावर त्याची सही घ्या.