मधुमेहाचं इंजेक्शन सुरू झाल्यापासून सासूबाईंचं तोंड कोरडं, दात शिवशिवतात. मदत हवी आहे

मंडळी, सासूबाई सोलापूरला असतात, वय ६१. मधुमेह १४ वर्षांचा, तेव्हापासून मेटफॉर्मिन चालू आहे. पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी टिर्झेपटाइडचं आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं, पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, नंतर ५. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.९ वरून ६.८ वर आलंय, वजन ८४ वरून ७५. गुडघे हलके झाले म्हणून त्या खूश आहेत. त्यामुळे इंजेक्शन बंद करा असं कृपया कुणी सुचवू नका, ते त्यांचे डॉक्टर ठरवतील.

त्रास तोंडाचा आहे. रात्री जीभ टाळूला चिकटते. भुकेबरोबर तहानही मेली आहे, पाणी प्यायची आठवणच होत नाही म्हणतात. जन्मभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेलं माणूस, आता आमटीत कुस्करल्याशिवाय घास उतरत नाही आणि चटणी जिभेला झोंबते. गार पाणी लागलं की वरच्या पुढच्या दातांतून सणक जाते.

गेल्या आठवड्यात मी त्यांना दंतवैद्यांकडे घेऊन गेले. त्यांनी आरशाने वरच्या दातांची आतली बाजू पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, "उलट्या होतात का?" होत होत्या. इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी, बहुतेक दर आठवड्याला. आम्हाला काळजी नको म्हणून त्या बोललेल्याच नव्हत्या. त्यात स्वच्छतेची सवय, म्हणून उलटी झाली की लगेच ब्रश. पोटातल्या आम्लाने दातांवरचं कवच मऊ पडलेलं असतं, तेव्हाच घासलं की ते झिजतं, हे आम्हाला तिथे कळलं. शिवाय मळमळीसाठी मीच फोनवर लिंबूपाणी सुचवलं होतं. त्या ते दिवसभर घोट घोट घेत होत्या. आधीच लाळ कमी, वर हे आम्ल. याचं मला फार वाईट वाटतंय.

आता लिंबूपाणी बंद आहे. उलटी झाली तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची आणि तासाभराने ब्रश. फ्लोराइडचा लेप एकदा लावून झालाय. उलट्यांचं मधुमेहाच्या डॉक्टरांनाही कळवलंय.

इथे कुणी दंतवैद्य असतील किंवा घरात कुणी हे इंजेक्शन घेत असेल तर सांगा. रात्रीच्या कोरडेपणासाठी कृत्रिम लाळेचा स्प्रे चांगला की जेल? दिवसा साखर नसलेलं च्युइंगम चालेल का, दोन दाढांना कॅप आहे. मळमळीवर लिंबाऐवजी काय देता? आल्याचा तुकडा द्यावासा वाटतो, पण जीभ झोंबते. आणि जीभ लालबुंद आहे ती नुसत्या कोरडेपणाने, की बुरशी, की बी१२ कमी? इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने बी१२ उतरू शकतं हे माहीत आहे, तपासणी मात्र कधी केलेली नाही. ती दंतवैद्यांना दाखवायच्या आधीच करून घेऊ का?

एक खालची दाढही काढायची आहे. जागा बधिर करूनच काढणार आहेत, भूल देऊन नाही. त्या आठवड्याचं इंजेक्शन नेहमीच्या दिवशी घेतलं का तुमच्याकडे? आणि नंतर दोनतीन दिवस पोटात काय गेलं? भूक मुळातच नाही, त्यात दाढेची जखम, याची मला जास्त धास्ती आहे. पुढच्या गुरुवारी मी सोलापूरला जातेय, दोन्ही डॉक्टरांना भेटणार आहे. काय विचारायला हवं तेही सुचवा.