सिम्प्युटर: यंत्र हरलं की विक्री?

गच्चीवरचा वारा:
'भारतात हार्डवेअर होतच नाही' म्हणणाऱ्यांना मी सिम्प्युटर दाखवतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर या सॉफ्टवेअर कंपनीचे अभियंते यांनी 1999 मध्ये ट्रस्ट काढला, 2001 मध्ये हातात मावणारा संगणक लोकांसमोर ठेवला. आत लिनक्स, 206 मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, टचस्क्रीन. मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखवायचा, निरक्षर माणसासाठी! 2004 मध्ये बाजारात आलेल्या 'अमिडा' या सिम्प्युटरच्या मॉडेलमध्ये तर हालचाल ओळखणारा सेन्सर होता. आयफोन यायला अजून तीन वर्षं होती. यंत्र उत्तम होतं, खपलं मात्र नाही. सरकारनं एक दणदणीत ऑर्डर द्यायला हवी होती, बास.

रोखठोक:
सेन्सर चाटायचाय का? अमिडा दहा हजारांच्या घरात, तोही कृष्णधवल पडद्याचा. रंगीत हवा तर वीस हजारांच्या आसपास. आणि त्याच्या आदल्याच वर्षी रिलायन्सनं 501 रुपये भरा आणि मोबाइल घ्या म्हणून धुमाकूळ घातला होता. शेतकरी काय घेणार? त्याला मुंबईतल्या पोराशी बोलायचं होतं.

गच्चीवरचा वारा:
एकट्या शेतकऱ्यानं विकत घ्यावा असं म्हणतंय कोण? गावात एक यंत्र आणि प्रत्येकाचं आपलं स्मार्टकार्ड, अशी कल्पना होती. कार्ड घातलं की आपली माहिती समोर. टीका करण्यापूर्वी एवढं तरी वाचा.

रोखठोक:
वाचलंय. एक यंत्र म्हणजे सरपंचाच्या कपाटात, किल्ली वहिनींकडे.

ओसरी:
रोखठोक, मग पीसीओ कसे चालले? पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ सगळ्या गल्लीचाच होता की. फरक एवढाच की बूथवाल्याला प्रत्येक कॉलमागे कमिशन सुटायचं, म्हणून तो रात्री अकरापर्यंत बसायचा. सिम्प्युटर सांभाळणाऱ्याला काय सुटणार होतं? हे कुणी ठरवलेलं दिसत नाही. म्हणून वाराभाऊ, सरकारी ऑर्डरनं यंत्रं पोचली असती, ती चालू ठेवायला माणूस मिळाला नसता. शाळांमधले धूळ खाणारे संगणक आठवा.

जुना तलाठी:
मला वाटतं गिऱ्हाईकच चुकीचं धरलं. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामाला सिम्प्युटर वापरून पाहिला होता, ती दिशा बरोबर होती. बांधावर उभं राहून पीकपाहणी लिहायची, मग कार्यालयात येऊन तेच पुन्हा उतरवायचं, यात आमची हयात गेली. आम्हाला दहा हजारांचं यंत्र महाग नव्हतं. पण 'गरिबांचा संगणक' म्हणून गाजवल्यावर तहसीलदार स्वतःसाठी मागेल का?

गच्चीवरचा वारा:
तलाठीसाहेब, म्हणजे फिरून ऑर्डर सरकारचीच ना? मी वेगळं काय म्हणतोय?

ओसरी:
वेगळं आहे. ते वापरणाऱ्यासाठी मागतायत, तुम्ही वाटण्यासाठी.

रोखठोक:
ओसरीला +1. बाकी किल्ली वहिनींकडेच असते, लिहून ठेवा.