समिती कुणाची, फेरीत चालणाऱ्याची की व्यासपीठावरच्याची?

येळ्ळूरकर: बेळगाव-खानापूरचा मराठी भाग कर्नाटकात घातला, त्याच्या निषेधाला महाराष्ट्र एकीकरण समिती 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळते, त्या फेरीत मी पंधरा वर्षं चालतोय. एका फेरीनंतर केस पडली. कोर्टाची तारीख आली की एक दिवसाची हजेरी बुडते. वकिलाचं विचारलं तर 'बघूया' म्हणाले, खरं बघितलं कुणी नाही. आणि 2018 च्या विधानसभेला खानापुरात समितीचेच दोन उमेदवार एकमेकांसमोर! आमच्या गल्लीत कधी दोन समित्या नव्हत्या ओ. फूट वर पडली, ती पाडताना आम्हाला कुणी विचारलंतं?

शहापूरचा: अर्धंच सांगताय. 2023 ला गट मिटवून उमेदवार दिले, तरी एक आमदार आला नाही. पुढाऱ्यांच्या घरात एवढी मतं असतात काय? फेरीत काळा शर्ट घालायचा आणि मतदानादिवशी 'रस्ता कोण करून देणार' म्हणत कमळ नाहीतर हात. हे कोण करतंय? मी, तुम्ही, आपली भावकी. आणि पुढारी नुसते माळा घालून घेत नाहीत. 1986 च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात मुंबईहून शिवसेनेचे छगन भुजबळ वेशांतर करून आलेते, तुरुंगातही गेले.

येळ्ळूरकर: होय की, आणि परत मुंबईला गेले. 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर त्या आंदोलनात गेलेल्यांची नावं वाचा, त्यात व्यासपीठावरचे किती? 2014 ला आमच्या गावचा 'महाराष्ट्र राज्य'चा फलक काढला, तेव्हा लाठ्या कुणी खाल्ल्या तेही विचारा. रस्त्यासाठी मत दिलं म्हणून मराठीपण गेलं असं मी मानत नाही. पाणंदीतला चिखल कन्नड-मराठी बघत नाही.

खानापूरची सून: तुम्ही दोघं मतावरच भांडताय. मामंजींना उताऱ्यावरचं कन्नड येत नाही, शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. तालुक्यात 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तर त्यांच्या भाषेत कागद मिळायला हवेत, हे केंद्रानं 1956 लाच मान्य केलंय. सुप्रीम कोर्टातला महाराष्ट्राचा 2004 चा सीमेचा दावा चालायचा तेव्हा चालू दे. उताऱ्यासाठी रोज तगादा लावणारा पुढारी मला तरी दिसला नाही.

शहापूरचा: वहिनी, ह्या मागणीचे मोर्चे निघालेत. कचेरीत आत पाठपुरावा करायला माणसं येत नाहीत. भाषणाला गर्दी, अर्जाला चौघं.

येळ्ळूरकर: वार सांगा, हजेरी बुडवून येतो. खरं फोटोपुरते येणारे नकोत.