नेगरी सेंबिलान म्हणजे नुसता बीच नाही
तुम्ही क्वालालंपूरहून मलेशियाच्या नेगरी सेंबिलान राज्यातल्या पोर्ट डिक्सनचा बीच करून लगेच परत येणार म्हणताय, पण तेवढ्या लांब जाताच आहात तर त्याच राज्यातल्या स्री मेनांतीचा जुना राजवाडा सोडू नका प्लीज. १९०८ मध्ये पूर्ण झालेला, अख्खा लाकडी, ९९ खांब आणि लोखंडी खिळा एकही नाही, सगळं खाचा पाडून एकमेकांत बसवलंय, खांबांवरचं कोरीवकाम अगदी जवळ जाऊन बघा. इथल्या बऱ्याच लोकांचे पूर्वज पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाऊ, म्हणून म्हशीच्या शिंगांसारखी टोकाला वर वळलेली छपरं राज्याची राजधानी सेरेंबानमध्येही दिसतात.

मला सगळ्यात भारी वाटते ती इथली परंपरा, 'अदत पर्पातिह', म्हणजे कूळ आईकडून चालतं, पिढीजात जमीन लेकीकडे जाते आणि रीतीप्रमाणे लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. या राज्याचा राजासुद्धा थोरला मुलगा म्हणून आपोआप गादीवर बसत नाही, चार 'उंडांग' म्हणजे प्रांतांचे प्रमुख त्याला निवडतात!

आणि हो, 'मासाक लेमाक चिली आपी' खाच. नारळाचं दूध, हळद आणि इवल्याशा जहाल मिरच्या, रंग पिवळाधमक, पहिला घास गोडसर लागतो आणि मग कानातून धूर. भात जरा जास्तच मागवा.